खुटवडला काय काय सांगायचं

"आजी, आधी यातला अजगर काढ," तेजल म्हणाली.

"का? त्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

"अगं, मी विचारलं काय आणि तू सांगितलंस काय. आजोबांनी विचारलं हिरडोशीची गाडी का आली नाही, तर काय बोलायचं, एवढंच लिहायचं होतं. आणि तू म्हणतेस, 'रस्त्यात अजगर आडवा आलाय, त्याचं तोंड अलीकडच्या शेतात आहे, शेपूट अजून धरणात आहे, तो सगळा जाईपर्यंत गाडी थांबलीय.' याचं तो फोनवरचा काय करणार?"

"सांगेल. मी सांगते तसं."

"पण तो म्हणजे तू नाहीस ना."

दुखणं तेच होतं.

माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून पार बोराएवढा झाला होता. पुण्याचा डॉक्टर म्हणाला, आजी, आता टाळाल तर डोळा जाईल. आधीच्या तारखा मी काही ना काही कारण काढून बुडवलेल्या. एकदा तर त्याला कळवलं होतं की आमच्या इथं पूल वाहून गेला. पूल जागेवर होता, मीच हलायला तयार नव्हते. ह्यांना सोडून जायचं कसं?

हे म्हणजे सोपानराव धुमाळ. भोरच्या एसटी स्टँडवरचे कंट्रोलर. गाड्या फलाटाला लावायच्या, सोडायच्या, कर्ण्यावर गावांची नावं पुकारायची, हे ह्यांचं काम. रिटायर झाले आणि पुढं एकेक विसरत गेले. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग मुलाचं गेलं, नातीचं गेलं, जेवलो का नाही तेही जायला लागलं. स्टँड तेवढं राहिलं. दिवसभर गप्प असायचे. दिवेलागण झाली की पुढच्या खोलीतल्या बाकड्यावर रस्त्याकडं तोंड करून बसायचे, आणि सुरू. "आंबवडे आली का? निगुडघर आली का? हिरडोशी?"

शेवटच्या फेऱ्यांच्या गाड्या त्या. मी आतून पोळ्या लाटता लाटता सांगायची, "आंबवडे आली हो. निगुडघर पण लागली. हिरडोशी तेवढी राहिलीय." मग ती का राहिली ते सांगायची. कधी नवरी गाडीतच रुसून बसलेली असायची आणि सासर-माहेर दोन्हीकडची माणसं दोन दारांतून तिला ओढत असायची. कधी ड्रायव्हरला अशी शिंक आलेली असायची की पुढची काच जाऊन ओढ्यात पडली. हे मान डोलवत ऐकायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "अपघात नाही ना?"

"नाही हो."

"मग येऊ दे सावकाश."

तिथंच ताट द्यायची. तिथंच पेंगायचे. मग हाताला धरून पलंगावर न्यायचं. सकाळी सगळं पुसलेलं.

आमच्या इथला डॉक्टर एकदा म्हणाला, "या आजारातली माणसं संध्याकाळ झाली की घरातून निघून जातात. तुमचे कसे जात नाहीत?" मी म्हटलं, "मंतरलेला दोरा बांधलाय पायाला. तुम्हाला दिसायचा नाही." त्या शहाण्यानं खरंच खाली वाकून पाय बघितला.

तर आता ऑपरेशन. उमेश, आमचा मुलगा, आणि सून सुरेखा मला पुण्याला नेणार, आणि त्यांची लेक तेजल घरी आजोबांपाशी थांबणार, असं ठरलं. तेजलचं काम कॉम्प्युटरवरचं, ती कुठूनही करते. पण हे तेजलचं ऐकायचेच नाहीत. ती कॉलेजची मुलगी आणि सवलतीचा पास काढायला आलीय, असं ह्यांच्या डोक्यात. ती बोलायला गेली की म्हणायचे, "पास सकाळी मिळेल. आता खिडकी बंद." ह्यांचा विश्वास दोघांवर, एक मी आणि दुसरा फोन. जन्मभर गाड्यांच्या खबरी फोनवरच आल्या, त्यामुळं फोनवरचा माणूस खोटं बोलेल हे ह्यांच्या मनातही येत नाही.

त्यावरून तेजलनं ते काढलं. म्हणाली, "आजी, आपण फोनवर बोलणारा एक माणूस बनवू. चॅटबॉट म्हणतात त्याला. आपण फक्त साध्या मराठीत लिहायचं, तो कोण आहे, कुणाशी बोलणार, काय बोलायचं, काय नाही. त्यावरून एआय तो तयार करतं."

"आणि न लिहिलेलं?"

"न लिहिलेलं त्याला माहीत नसतं. मग तो मनानं भर घालतो."

"म्हणजे नवीन सून," मी म्हणाले.

सुरेखा तिथंच भाजी निवडत होती. म्हणाली, "सून बरी आत्या, ती निदान विचारते तरी."

मी म्हटलं त्याला नाव पाहिजे. तेजल म्हणाली दे. स्वारगेटहून ह्यांना फोन करायचा तो एक खुटवड होता, गरीब माणूस, कधीच वारला. त्याचं नाव दिलं. तेजलनं लिहिलं, 'तू खुटवड आहेस. एसटीच्या कंट्रोल रूममध्ये काम करतोस. सोपानराव धुमाळ साहेबांशी फोनवर बोलतोस. त्यांचं वय झालंय आणि ते बरंच विसरतात. आदरानं बोल. वाक्यं छोटी ठेव. तेच तेच विचारलं तरी कंटाळू नकोस.'

"हे शेवटचं तुझ्या आईला पण लिहून दे," मी म्हटलं. सुरेखानं माझ्याकडं शेंगेचं देठ फेकलं.

मग आला तो अजगर. तेजल म्हणाली, ठीक आहे, ठेवून बघू काय होतं ते. मी आजोबा झाले. पाठ ताठ केली, आवाज जाड केला आणि फोनला विचारलं, "काय रे खुटवड, हिरडोशी का आली नाही?"

फोन बोलला. बाई, काय आवाज होता, अगदी डेपोतला माणूस. म्हणाला, "साहेब, रस्त्यात मोठा अजगर आल्यामुळे गाडी अडकली आहे. घाबरून प्रवाशांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. काहींना मार लागला आहे. ॲम्ब्युलन्सला कळवलं आहे."

 ह्यांनी हे ऐकलं असतं तर त्याच पावली घाटाकडं निघाले असते.

"ह्याला कुणी सांगितलं मार लागला म्हणून?"

"कुणी नाही. अजगर तू दिलास, पुढचं त्यानं वाढवलं."

"वाढवायची काही रीत असते का नाही? एवढी वर्षं मी गाड्या अडवल्या, एका माणसाला खरचटू दिलं नाही."

"म्हणून म्हणतेय आजी. गोष्टी नकोत. साधं लिहू, स्पष्ट लिहू. एका वाक्यात एकच गोष्ट, आणि तिचा एकच अर्थ."

मग मी गुमान साधं सांगत गेले. साखरेचा चहा मागतील, द्यायचा नाही, पण नाही म्हणायचं नाही, 'सांगतो' म्हणायचं. बायको कुठंय विचारलं तर 'आत आहे' म्हणायचं. अपघाताचा शब्द काढायचा नाही. आंबवडे विचारली तर आली. निगुडघर विचारली तर आली.

"आणि हिरडोशी?" तेजलनं विचारलं.

 ती वाट बघत होती, बोटं कॉम्प्युटरच्या त्या पाटीवर ठेवून.

"लिही, आली म्हणून."

"नक्की? तू तर कधीच आली म्हणत नाहीस."

"ती माझी खोड आहे गं. मला गोष्ट रचायला मिळते, म्हणून मी त्या बिचाऱ्याला रोज ताटकळत ठेवते. मी नसताना तरी त्यांना शांत झोप लागू दे. लिही, सगळ्या गाड्या आल्या."

तेजलनं लिहिलं, 'सगळ्या गाड्या आल्या असं सांगून साहेबांना निश्चिंत कर.'

परत मी आजोबा झाले. "काय खुटवड, हिरडोशी?"

"आली साहेब. सगळ्या गाड्या आल्या. काही काळजी करू नका."

ऐकून मलाच बरं वाटलं. तरी निघायच्या दिवशी माझं सांगणं संपेना. औषधं कुठं, ह्यांचे धुतलेले कपडे कुठं, गॅसचं बटण कसं, तेजलला परत परत सांगत होते आणि ती प्रत्येक वेळी "हो आजी" म्हणत होती. ह्यांच्यापाशी गेले. म्हटलं, "येते हं मी."

"कुठली गाडी?"

"पुण्याची."

"दोन नंबरला लागेल. बसून घ्या, गर्दी होते."

कधी येणार ते काही विचारलं नाही.

ऑपरेशनचं काय सांगू. डॉक्टरनं जी सुई आणली ती बघून पलीकडच्या खाटेवरची पेशंट पळून गेली होती, तिला जिन्यातून परत आणली. पण दुखलं नाही, खोटं कशाला बोला. डोळ्यावर पट्टी बांधली. दुसरा डोळा आधीच धूसर, त्यामुळं समोर नुसतं पिवळं पिवळं. साखर वाढलेली म्हणून रात्रभर ठेवून घ्यायचं ठरलं. उमेश सेकंड शिफ्टला गेला, सुरेखा जवळ थांबली. डॉक्टर बजावून गेला, हिसका बसू द्यायचा नाही, वाकायचं नाही, आणि काही झालं तरी रडायचं नाही.

शेजारच्या खाटेवर शिरूरच्या पारूबाई होत्या. त्यांना मी आमच्या घाटातल्या माकडाची हकिकत सांगत होते, ते गाडी चढाला लागली की मागून उतरून ढकलायचं, म्हणून एसटीनं त्याला खाकी टोपी दिली होती. तेवढ्यात सुरेखाचा फोन वाजला. बाहेर दिवे लागायला आले होते.

सुरेखा "हां बोल" म्हणाली आणि उठून उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही आत्या, तुम्ही पडा."

"सुरेखा. फोन दे."

तिनं दिला. तेजल पळत असल्यासारखी बोलत होती.

"आजी, आजोबा घरात नाहीत."

"संडासात बघ."

"बघितलं. माडीवर बघितलं, मागं बघितलं. चपला नाहीत. त्यांची ड्युटीची पिशवी नाही."

"तू कुठं होतीस?"

"आत, कणीक मळत होते. अगं, सगळं नीट चाललं होतं. ते खुटवडशी बोलत होते, मला ऐकू येत होतं. एकदा हसले पण. मग बाहेर आले तर बाकडं रिकामं."

मी उठून बसायला गेले, सुरेखानं खांदे दाबून धरले.

"काय बोलत होते? शब्दन्‌शब्द सांग."

"काय... आंबवडे, निगुडघर. मग हिरडोशी. तो म्हणाला आली. आजोबा म्हणाले, 'म्हणजे सगळ्या आल्या?' तो म्हणाला, 'हो साहेब, सगळ्या आल्या, तुम्ही निश्चिंत व्हा.' मग आजोबा म्हणाले, 'मग मी निघू?' आणि तो म्हणाला, 'हो साहेब, निघा.' मला वाटलं झोपायला जातायत."

 कंट्रोलर शेवटची गाडी लागल्याशिवाय जागा सोडत नाही. आणि लागली की क्षणभर थांबत नाही. पिशवी उचलतो आणि घरी जातो.

"तेजल, ते घरी गेलेत."

"आजी, घरातून तर गेलेत."

"ते घरात नव्हते गं. एवढी वर्षं ड्युटीवर होते."

 

"मग कुठलं घर?" तिनं विचारलं.

ते मला तरी कुठं ठाऊक. ह्यांच्या डोक्यात कुठलं घर उरलंय, कुणी सांगावं? जन्माचं गाव असलं तर तिकडं जायला मोठा रस्ता लागतो, उसाच्या ट्रॉल्या चालतात, दिवे नसलेल्या. सासवडला बदली होती तिथलं असलं तर पायी निघाले असतील, कुणाला विचारणार नाहीत, कारण रस्ते ह्यांना पाठ. मी डोळे मिटले. एक तर बांधलेलाच होता. ड्युटी संपवून, पिशवी हलवत, हसत हसत हे कधी घरी यायचे?

"कासारआळी," मी म्हणाले. "नदीकडच्या अंगाला. लग्न होऊन आले तेव्हा तिथं आमची एक खोली होती. मागच्या बाजूला, पायरीवर तुळस होती."

"तिथं आता काय आहे?"

"मला काय माहीत. गाडी काढ."

तिनं फोन तसाच चालू ठेवून खिशात टाकला असावा. स्कूटी सुरू झाल्याचं ऐकू आलं, हॉर्न ऐकू आले, एक ट्रॉली खडखडत अगदी कानाजवळून गेली. सुरेखाचा हात माझ्या हातात होता, तो गार पडला होता का माझा, कळत नव्हतं. पारूबाई माकडाचं विसरून बसल्या होत्या. कुणीतरी वॉर्डातला रेडिओ बंद केला.

मध्येच तेजल कुणाला तरी विचारत होती, "काका, एक आजोबा, पांढरा पायजमा, हातात पिशवी?" कुणीतरी नाही म्हणालं. पुढं आणखी कुणी नाही म्हणालं. मी मनात म्हणत होते, नदीकडं उतरू नका, वरच्या अंगानं जा, पायऱ्या निसरड्या आहेत. नवस बोलायचे तेवढे बोलून झाले. त्यातले काही एकाच देवाला दोनदा झाले असतील.

मग पिठाच्या गिरणीचा घरघराट ऐकू आला, आणि एका बाईचा आवाज. "हे तुमचे का? मघापासनं पायरीवर बसलेत. दार उघड म्हणतात आणि गावांची नावं घेतात. मला वाटलं भजन म्हणतायत."

मला कळलं. तुम्हाला सांगते, नवीन लग्न झालं तेव्हा मी ह्यांना सरळ दार उघडत नव्हते. आतून विचारायची, "कोण?" हे म्हणायचे, "कंट्रोलर." मी म्हणायची, "कशावरून?" मग बाहेर उभं राहून ह्यांनी कर्ण्यावर पुकारतात तशा सगळ्या गाड्या पुकारायच्या, तेव्हा कुठं कडी निघायची. आळीतली पोरं हसायची. ह्यांना त्याचं काही नसायचं.

"आजोबा, चला घरी," तेजल म्हणत होती.

"घरीच आलोय. पास सकाळी मिळेल."

"आजोबा, हे आपलं घर नाही."

"ड्युटी संपली माझी, बाई. तुम्ही उद्या या." आणि मग परत, थकलेल्या आवाजात, "आंबवडे, निगुडघर, हिरडोशी... हौसा, आता तरी उघड."

"आजी," तेजल फोनवर रडवेली झाली, "ते उठतच नाहीत. हाताला धरलं तर ओरडतायत. काय करू?"

"फोन त्यांच्या कानाला लाव."

लावला. मला त्यांचा श्वास ऐकू आला. डॉक्टरनं रडायचं नाही म्हणून सांगितलेलं, मी दात आवळून पडले होते.

"अहो."

"हौसा. कुठंयस तू? दार उघड की."

मी 'दवाखान्यात आहे' म्हणाले असते तर हे दवाखान्याकडं निघाले असते. 'आत आहे' म्हणाले असते तर दार ठोठावत बसले असते.

"मी आत नाही. मी गाडीत आहे."

"कुठल्या?"

"पुण्याहून भोरला येणाऱ्या."

"पुण्याच्या सगळ्या आल्या. मी खुटवडला विचारूनच निघालो."

"खुटवडला काय माहीत? गर्दी झाली म्हणून ही जादा सोडलीय."

गिरणी बंद झाली होती. 

"जादा?" ह्यांचा आवाजच बदलला. "मग मला कळवायला नको?"

"म्हणून तर फोन केला."

"कुठवर आलीय?"

"कापूरहोळला उभी आहे."

"का?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडात काही येईना. अजगर नाही, नवरी नाही, काही नाही. सगळा वॉर्ड माझ्याकडं बघत होता, पारूबाई पुढं वाकल्या होत्या. ह्यांनी परत विचारलं, "का उभी आहे, हौसा?" त्यांना आता शंका आली तर संपलं.

"कोंबडी उडाली," मी म्हटलं.

"काय?"

"एका म्हातारीची कोंबडी. खिडकीतून उडाली ती शेतात. कंडक्टर तिच्या मागं गेलाय. तिचं तिकीट काढलेलं आहे, तिला सोडून गाडी हलवायची कशी?"

हे विचार करत होते. मला तो विचार ऐकू येत होता.

"बरोबर आहे," हे म्हणाले. "तिकीट काढलं म्हणजे प्रवासी झाला. अपघात नाही ना?"

"नाही हो. कोंबडीला सुद्धा लागलं नाही."

"मग येऊ दे सावकाश."

"येईल. पण तुम्ही स्टँडवर नसाल तर तिला लावणार कोण? आणि मला अंधाराचं दिसत नाही. मला उतरवून कोण घेईल?"

पायरीवरून उठल्याचा आवाज आला, गुडघा कटकन वाजला, तो मी हजार माणसांत ओळखीन.

"ए बाई," हे तेजलला म्हणाले, "तुमची गाडी आहे ना? मला स्टँडवर सोडा जरा. जादा यायचीय."

फोन बंद झाल्यावर पारूबाई म्हणाल्या, "पण कोंबडी सापडली का?" मी म्हटलं, "बघू, अजून फोन यायचाय."

आला. ह्यांना बाकड्यावर बसवून, ताट देऊन, दाराला आतून कडी घालून तेजलनं फोन केला. आता ती मोकळेपणानं रडत होती.

"मी सगळं स्पष्ट लिहिलं होतं आजी. तू सांगितलंस तसंच."

"तसंच लिहिलंस. मलाच माहीत नव्हतं मी काय करते ते. काढ तुझी ती पाटी. लिही."

"सांग."

"शेवटची गाडी आली, असं कधी म्हणायचं नाही. कुणीही कितीही विचारलं तरी नाही. एक गाडी यायची ठेवायची."

पाटीवर टकटक ऐकू येत होती.

"गाडी का थांबली विचारलं तर म्हण, कंडक्टर कोंबडी शोधतोय. कुणाला लागलेलं नाही. स्वतःच्या मनानं कुणाला पाडू नकोस. साहेब निघू का म्हणाले तर म्हण, गाडीत हौसा आहे, तिला उतरवून घ्यायला तुम्ही पाहिजे."

"असं का ते पण लिहू का? कारण सांगितलं की तो कमी चुकतो."

"लिही. कुणाची तरी वाट बघायची असली की साहेब घरात थांबतात."

तिनं ते वाचून दाखवलं. एक शब्द बदलावासा वाटला नाही. मग फोन बाकड्याजवळ धरला आणि मी ऐकलं, हे विचारत होते आणि खुटवड सांगत होता, अगदी सांगितलं तेवढंच. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणजे जो मोकळा होता त्याला.

दुसऱ्या दिवशी उमेशनं गाडीतून घरी सोडलं तेव्हा पुन्हा दिवेलागणच झाली होती. काळा चष्मा, डोक्यावर पदर, सुरेखानं दंडाला धरलेलं. हे बाकड्यावर होते, रस्त्याकडं तोंड करून, इस्त्रीचा सदरा घालून. तेजल दारात उभी होती, रात्रभर जागलेली.

मी समोर जाऊन उभी राहिले. ह्यांनी नीट निरखून बघितलं.

"कुठून आलात?"

"पुण्याहून."

"जादानं?"

"हो."

ह्यांनी माझ्या मागं, दाराकडं बघितलं. मग परत माझ्याकडं. "गाडीत माझी बायको होती का हो? हौसा म्हणून. हिरवं लुगडं असतं."

सुरेखानं माझा दंड घट्ट धरला. तेजलनं तोंड फिरवलं. मला वाटलं सांगावं, मीच ती, नीट बघा. जिभेवर आलं होतं. मग सदऱ्याच्या त्या बटणांकडं लक्ष गेलं, खालपासून वरपर्यंत नीट लावलेली.

"होती की," मी म्हणाले. "मागच्या सीटवर. उतरतच नाही, ड्रायव्हरला काहीतरी सांगत बसलीय."

ह्यांना हसू आलं. "सांगत असेल. तिची गोष्ट संपल्याशिवाय ती कुणाला सोडायची नाही."

मग बाकड्यावर थोडे सरकले, हातानं जागा झटकली.

"बसा तोवर," म्हणाले. "मी पण तिच्यासाठीच थांबलोय."